खुर्चीखालची मूठ

संध्याकाळी कचेरीतून कंबर धरून आलेल्या बाईला घरात एकच उत्तर मिळतं, ‘आता वय झालं, असं व्हायचंच.’ पण दोष दरवेळी वयाचाच असतो का?

कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये सैन्याच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. 2024 च्या अखेरीस सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून या किल्ल्याला ‘विजय दुर्ग’ हे नाव मिळालं. पतीच्या बदलीमुळे तिथे गेलेल्या साताऱ्याच्या एका गृहिणीला जवळच्याच कचेरीत नोकरी लागली. खुर्ची चांगली गुबगुबीत. पण मागे रेलायला जावं तर ती हलेचना. बाई दिवसभर खुर्चीच्या कडेवर बसून काम करायच्या. सहा महिन्यांत पाठदुखी जडली. पंखा दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीने सहज खाली वाकून बैठकीखालची गोल मूठ सैल केली आणि खुर्ची अलगद मागे झुकली. आधी तिथे बसणारे गृहस्थ चांगले वजनदार होते. स्प्रिंगचा ताण त्यांच्या वजनाचा होता!

झुकणाऱ्या खुर्चीचं रहस्य दोनच गोष्टींत आहे, स्प्रिंग आणि बिजागरी. स्प्रिंग फार घट्ट असेल तर पाठ मागे जात नाही. फार सैल असेल तर माणूस धाडकन मागे जातो. साध्या खुर्चीची बिजागरी मधल्या खांबाच्या डोक्यावर असते. त्यामुळे रेललं की बैठकीची पुढची कड वर येते, मांडीखाली रुतते आणि पावलं अधांतरी होतात. बिजागरी पुढे, गुडघ्यांच्या जवळ बसवली की पावलं जमिनीवरच राहतात. काही खुर्च्यांत पाठ आणि बैठक वेगवेगळ्या मापाने झुकतात. पाठ दोन अंश मागे गेली तर बैठक साधारण एक अंश.

हे केवळ चैनीचे चोचले नाहीत. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसण्यात तो जास्त भरला. पाठ टेकवून मागे रेलल्यावर मात्र तो कमी झाला. म्हणजे ‘ताठ बस’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश आठ तासांच्या नोकरीला पुरेसा नाही. अधूनमधून रेलायलाही हवं.

साताऱ्याच्या त्या बाईंची पाठ एका दिवसात बरी झाली नाही. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायामही त्यांना करावे लागले. पण कडेवर बसणं सुटलं, हे महत्त्वाचं.

तेव्हा उद्या कचेरीत गेल्यावर आधी पावलं जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी खुर्चीची उंची ठेवा. झुकणं रोखणारा खटका लावलेला असेल तर तो सोडवा. मग थोडं वाकून खालची मूठ शोधा आणि पाठीने हलकेच रेटा दिल्यावर खुर्ची मागे जाईल इतकी ती फिरवा. साहेबांची परवानगी काढण्याची गरज नाही.