दुखणे कानाचे नव्हे, जबड्याचे
गेल्या वर्षी घास चावताना माझ्या कानापुढे ‘कट्’ आवाज येई. सलग दोन तास शिकवले की तोंड उघडवत नसे. बोलणे हीच शिक्षिकेची रोजीरोटी, म्हणून धास्ती वाटली. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहे. दुखतो तो त्यालगतचा जबड्याचा सांधा. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तोंडात उभी बोटे घालायला लावली. तीन मावायला हवीत, माझी जेमतेम दोन मावली. मग गरम शेक, गालाला हलका मसाज, मऊ जेवण आणि जीभ टाळूला टेकवून तोंड हळूहळू उघडणे सुरू झाले. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवायचे. दीड महिन्यात तीन बोटे मावू लागली. भगिनींनो, नुसत्या आवाजाला घाबरू नका. मात्र दुखले किंवा जबडा अडकला तर तपासून घ्या.