हरलेला खटला

अल्बियन टूर्झे, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तरी तुमच्या पाठीतलं संपलं नाही. १८६१च्या जुलैत बुल रनहून सैन्य पळत सुटलं, त्या धांदलीत तोफगाड्याचं चाक तुमच्या पाठीवर आदळलं. गाडा शत्रूचा नव्हे, आपलाच. एक डोळा तर पोरवयातच गेलेला. एवढ्यावर कुणीही घरी बसला असता. तुम्ही पुन्हा फौजेत, पुन्हा जखमी, मग कैदेत, सुटल्यावर पुन्हा फौजेत. पाठीने अगदीच दगा दिला तेव्हा वर्दी उतरवलीत आणि वकील झालात.

ओहायोचा माणूस, बिऱ्हाड थाटलंत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत, हरलेल्यांच्या गावात. वर तिथलंच न्यायासन सांभाळलंत, १८६८ ते १८७४. कू क्लक्स क्लॅनच्या धमक्या रोजच्याच. २१ मे १८७०. यान्सीव्हिलच्या कोर्टाच्या इमारतीत वर विरोधकांची सभा भरली होती. खालच्या एका खोलीत क्लॅनच्या माणसांनी तुमचे मित्र, राज्याचे सिनेटर जॉन स्टीफन्स यांचा गळा दोरीने आवळला, त्यांना भोसकलं, प्रेत सरपणाच्या ढिगावर टाकून दाराला कुलूप घातलं. कोर्टातच!

तुम्ही त्या आसनावर होतात तेव्हाच, १८७३मध्ये, इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी झीज सोसली म्हणून. त्या सज्जनांपैकी बरेचजण एव्हाना थकले होते. तुम्ही थकला नव्हता, एवढं जोतीरावांना कुणीतरी कळवायला हवं होतं.

मग होमर प्लेसी, कायद्याच्या लेखी काळा. १८९२, न्यू ऑर्लिन्स, गोऱ्यांसाठी राखलेला रेल्वेचा डबा, डबे वेगळे करणाऱ्या कायद्याला आव्हान द्यायला ठरवून करून घेतलेली अटक. फी न घेता तुम्ही हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलात. आपल्या युक्तिवादात न्यायमूर्तींनाच म्हणालात, उद्या सकाळी काळ्या कातडीत जागे झालात तर? वकिलीबरोबर कादंबऱ्याही लिहीत होतात; कादंबरीकाराची खोड, जाणार कुठे! आठांपैकी सातांना पाझर फुटला नाही. एकट्या न्यायमूर्ती हार्लननी विरोधी मत लिहिलं. संविधानाला रंग दिसत नाही, असं त्यात आलं. कायद्याला रंग दिसू नये, हे तुम्ही आधीच मांडून ठेवलं होतंत.

इथे माझं तुमच्याशी भांडण आहे. न्यायमूर्तींचा कल तुम्ही ओळखला होता. १८९३मध्ये तुम्हीच सुचवलंत, थोडं थांबू या. थांबूनही १८९६मध्ये हरलात, आणि वेगळ्या डब्यांवर, वेगळ्या शाळांवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसला. शाळांपुरता तो पुसायलाही १९५४ उजाडलं. हे ओझं तुमच्या एकट्याच्या माथी मारणं अन्यायाचं, तरी कधीकधी मारावंसं वाटतं. लढाई न लढताही डबे वेगळेच राहिले असते, हे मलाही कळतं.

पुढच्याच वर्षी सरकारने तुम्हाला वाणिज्यदूत म्हणून फ्रान्सला, बोर्दोला धाडलं. उत्तम द्राक्षं, उत्तम मद्य, आणि दूर. तिथेच १९०५मध्ये गेलात. तारीख स्टीफन्सचीच, २१ मे.

प्लेसीने २५ डॉलर दंड भरला होता. जानेवारी २०२२मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली. समारंभ झाला, प्लेसी घराण्यातली माणसंही आली. तुम्ही तिथे असतात तर पाठीची कळ दाबत उठला असतात, आणि पहिला आक्षेप नोंदवला असतात: माफी कोणत्या गुन्ह्याची?