जागल्या

कौंडण्यपूर हे माझं आजोळ. रुक्मिणीचं माहेर म्हणून जग त्या गावाला हात जोडतं. आम्हां भाचरांना मात्र ते मामाचं गाव. वर्धेचा काठ, विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आणि मामाचं पऱ्हाटीचं वावर, एवढीच आमची दुनिया!

सुगीत मी मामाबरोबर जागलीला जात असे. रानडुकरं आली की डबा बडवायचा, टेंभा फिरवायचा. एकदा शेजारच्या वावरातल्या जागल्यानं डुकरामागं पेटता टेंभाच भिरकावला आणि कडब्याची गंजी जळून खाक झाली. डुकरानं नासलं असतं ओंजळभर. राखणदारानं जाळलं वर्षाचं! आम्ही कितीतरी दिवस हसत होतो.

त्या हसण्याचा अर्थ मला एका दिवाळीत कळला. वसुबारसेला मामाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सुईनं कोरून काढला, वर हळद दाबली. पाय सुजला, लाल झाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हुडहुडी भरली, अंग तव्यासारखं तापलं, धाप लागली. "मले काई झालं नाई रे बाबू," मामा म्हणत होता.

पाडव्याच्या पहाटे मी त्याच्या कपाळाला हात लावला. गार! मी ओरडलो, "आजी, ताप उतरला!" आजीनं देवापुढं साखर ठेवली. मामा ओवाळायलाही उठेना, तेव्हा "दमलाय, झोपू द्या," असं मीच म्हणालो. दुपारी तो भलतंच बरळू लागला. सकाळपासून लघवीही झाली नव्हती. मग कुणाची तरी जीप मिळवून त्याला अमरावतीला नेलं.

तिथल्या वयस्क डॉक्टरांनी मला समजावलं. जखमेभोवतीची सूज म्हणजे शरीराचे राखणदार कामाला लागल्याची खूण. पण तीच हाकाटी सर्वांगात पसरली, की सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. मूत्रपिंड, मेंदू उपाशी पडतात. मी मनात म्हटलं, गंजी पेटली!

पुढं वाचनात आलं, की 1991 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या वणव्याच्या चार खुणा ठरवल्या होत्या: 38 अंशांवर किंवा 36 च्या खाली गेलेलं तापमान, मिनिटाला 90 वर नाडी, 20 वर श्वास आणि फार वाढलेल्या किंवा फार घटलेल्या पांढऱ्या पेशी. चारांतल्या दोन दिसल्या की सावध व्हायचं. भाजणं, मोठा अपघात यांतही, जंतूंवाचून, हा वणवा पेटतो. 2016 साली जंतुदोषाच्या व्याख्येतून या खुणांना उतरवलं आणि इंद्रियं बिघडण्याला महत्त्व दिलं. पण "36 च्या खाली" हे शब्द मी वाचले, त्या रात्री मला झोप आली नाही.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाच्या अशाच खुणा शिकवल्या: रडणं क्षीण होणं, दूध ओढेनासं होणं, अंग गार लागणं. खुणा पटल्या की त्या घरीच औषध नि इंजेक्शन देत. 1999 साली त्यांचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा दगावत. ते प्रमाण तिनाच्या खाली आलं. थोडक्या शिकलेल्या बाईला जे कळलं, ते कॉलेजात जाणाऱ्या मला कळलं नव्हतं!

मामा वाचला. पायाची तीन बोटं मात्र गेली. रुक्मिणीच्या पालखीबरोबर दरसाल पंढरपूरला चालत जाणारा तो माणूस पुढं वेशीपर्यंतच जाऊ लागला. एकदा तिथूनच परतताना मी धीर करून त्या पहाटेची कबुली दिली. तो म्हणाला, "अंग गार लागलं ना तुले? मंग खरंच सांगितलं तू."

आता घरात कुणी आजारी पडलं, की मी कपाळावर हात ठेवून थांबत नाही. घड्याळ समोर धरून श्वास मोजतो, दोन शब्द बोलायला लावतो, लघवी झाली का विचारतो. मुलं हसतात. हसू देत.