ताकाचा पाव

परदेश पाहून आलेल्या मनुष्यानें तेथील किल्ले, सरोवरें आणि प्रार्थनामंदिरें यांचें वर्णन करावें, अशी वाचकांची अपेक्षा असते व ती रास्तहि आहे. आयर्लंडांत या तिहींची वाण नाहीं. आम्हींहि तीं यथाशक्ति पाहिलीं. परंतु सहा आठवड्यांच्या त्या प्रवासांतून जें मनांत घर करून राहिलें, तें एका स्वयंपाकघरांतलें आहे. छत्तीस वर्षें मुलांस शब्दरूपें व संधि शिकविण्यांत घालविलेल्या, आणि पान मांडल्याची हांक आल्यावरच स्वयंपाकघरांत पाऊल टाकणाऱ्या गृहस्थानें पाकक्रियेवर लेखणी उचलावी, याचें आमच्या घरच्या मंडळींस अद्यापहि हसूं येतें. त्यांस हसूं द्यावें.

हकीकत थोडक्यांत अशी. आमची एकुलती एक कन्या उच्च शिक्षणासाठीं कॉर्क शहरीं गेली आणि तेथेंच एका आयरिश तरुणाशीं तिनें विवाह केला. यास आतां आठ वर्षें झालीं. त्या विवाहास आम्ही गेलों नाहीं. आमची पत्नी गेली, एकटी गेली. आणि परत येतांना विहीणबाईंनीं लिहून दिलेला एक कागद घेऊन आली. त्यावर चार जिन्नस व सहासात ओळी होत्या. त्याबरहुकूम तिनें एका रविवारीं पाव भाजला व आमच्या पानांत वाढला. आम्हीं तो तुकडा बाजूस सारला आणि आमटीभात जेवून उठलों. ती कांहीं बोलली नाहीं. तीन वर्षांपूर्वीं ती निवर्तली, आणि गतवर्षीं मे महिन्यांत आम्ही कन्येकडे जावयास निघालों.

जुन्या घरांतून पावाविषयीं जो दुरावा होता, त्याचीं कारणें वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक आहेत. विहिरींत पावाचा तुकडा टाकून गांवचा गांव बाटविल्याच्या कथा कोंकणांत व गोमंतकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. त्यांत गोव्याचा पोदेर पीठ फुगविण्यास माडाची सूर घाली, हें आणखी एक निमित्त. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवरहि प्रायश्चित्ताची पाळी आली. आमच्या आईनें अखेरपर्यंत पावास हात लावला नाहीं. पण खरें सांगावयाचें तर आम्ही स्वतः मिसळीबरोबर पाव वर्षानुवर्षें खात आलों आहों. तेव्हां तो तुकडा आम्हीं सारला, तो आचारापायीं नव्हे. आणि हें पत्नीस पक्कें ठाऊक होतें.

डब्लिनहून कॉर्कपर्यंत आगगाडीनें सुमारें अडीच तास लागतात. वाटेवर पाहण्यासारखें म्हणजे गवत. आमच्याकडे श्रावणांत चार दिवस जो हिरवा रंग दिसतो, तो तेथें मुक्कामास असतो. आणि त्या गवतांत संथपणें चरणाऱ्या गाई. पाऊसहि आपल्यासारखा गर्जत येत नाहीं. भिडस्त पाहुण्यासारखा दारांत रेंगाळतो आणि जातां जात नाहीं.

कॉर्क शहराचा मध्यभाग ली नदीच्या दोन प्रवाहांमध्यें वसला आहे. नदीच्या उत्तरेस शॅंडन नांवाची टेकडी आहे. तेथील सेंट ॲनच्या मनोऱ्यावर चार दिशांस चार घड्याळें असून त्यांचें एकमेकांशीं पटत नाहीं, म्हणून लोक त्यास 'चार तोंडांचा लबाड' म्हणतात. आम्हांस तेथें नेलें तें मात्र घड्याळासाठीं नव्हे, लोण्यासाठीं. १७७० सालीं या टेकडीवर लोण्याची पेठ स्थापन झाली आणि एकोणिसाव्या शतकांत ती जगांतील सर्वांत मोठी गणली जाऊं लागली. खेड्यापाड्यांतून शेतकरी खारविलेलें लोणी लांकडी पिंपांत भरून येथें आणीत. परीक्षक पिंपांत पोकळ सळई खुपसून तळचें लोणी बाहेर काढी, हुंगून व चाखून पाही आणि प्रत ठरवी. तेथून तें वेस्ट इंडीज बेटांपर्यंत जाई. १९२४ सालीं ही पेठ बंद पडली. आतां तेथें लोण्याचें संग्रहालय आहे.

लोणी विकून जमीनदाराचा खंड भरावयाचा. मग घरांत काय उरे? ताक. गोकुळचें लोणी मथुरेच्या बाजारीं जाई व गोपाळांच्या वांट्यास ताक येई, हें आम्हीं कीर्तनांतून शेंकडों वेळां ऐकलें आहे. परंतु त्यांतील अर्थशास्त्र आम्हांस शॅंडनच्या टेकडीवर उमगलें.

या ताकास सोड्याची जोड मिळाली ती मागाहून. आयर्लंडच्या थंड व ओलसर हवेंत पिकणारा गहूं मऊ असतो; त्याच्या पिठास चिकाटी कमी. यीस्टनें फुगणाऱ्या पावास चिवट पीठ हवें, तें त्या शेतकऱ्यापाशीं नव्हतें. १८३० नंतरच्या काळांत खाण्याचा सोडा घरोघर येऊं लागला. १८३६ सालीं उत्तरेकडील न्यूरी येथील वृत्तपत्रांत सोडा व ताक घालून पाव करण्याची कृति आली होती, आणि तीच लंडनच्या एका शेतकी मासिकानें उतरून घेतली. सोडा हा क्षार, ताक हें आम्ल. दोहोंची गांठ पडतांच वायु सुटतो आणि पीठ हलकें होतें. रात्रभर आंबविणें नको, मळणें नको, भट्टीहि नको. उत्तरेकडे तर हेंच पीठ चार तुकडे करून तव्यावर भाजतात. त्या तुकड्यांस फार्ल म्हणतात. आमच्या आईचे सर्व आक्षेप येथें गळून पडतात, हें आमच्या ध्यानांत आलें तेव्हां आम्ही जरा ओशाळलों.

विहीणबाईंचें घर स्किबरीन गांवानजीक, कॉर्कच्या नैर्ऋत्येस सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. आम्ही महाराष्ट्रांतले असें कळतांच तेथील शेजारीपाजारी लिओ वराडकरांची ओळख काढीत. हे गृहस्थ २०१७ सालीं प्रथम आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मालवण तालुक्यांतील वराडचे. गांवाबाहेर ॲबीस्ट्रूरीची दफनभूमि आहे, तेथें मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील दुष्काळांत देशांतील सुमारें १० लक्ष माणसें मेलीं. तितकींच देश सोडून गेलीं. एकट्या ॲबीस्ट्रूरीच्या खड्ड्यांतून ८ ते १० हजार प्रेतें पुरलेलीं आहेत. वर नुसती हिरवळ. सोड्याचा पाव हा 'दुष्काळांतला पाव' असें प्रवाशांस सांगण्याची चाल आहे. विहीणबाईंस ती खपत नाहीं. "ज्यांच्या घरीं गहूं होता ते मेले नाहींत," एवढेंच त्या म्हणाल्या.

त्यांचें वय ८१. परसांत एक तीन पायांचें बिडाचें भांडें पडलें होतें व त्यांत फुलझाडें लावलीं होतीं. तें त्यांच्या सासूबाईंचें बॅस्टिबल. इंग्लंडांतील बार्नस्टेपल या गांवावरून हें नांव पडलें. दलदलींतील माती विटांसारखी कापून वाळवितात, तिला टर्फ म्हणतात. तिच्या विस्तवावर हें भांडें टांगावयाचें, आंत पाव ठेवावयाचा व झांकणावर निखारे पसरावयाचे. हें ऐकतांच आमच्या डोळ्यांपुढें राजापुराकडचें आमचें आजोळ उभें राहिलें. आमची आजी तवशाचें धोंडस असेंच भाजी: खालीं निखारे, वर निखारे, आणि मुलांनीं दूर बसावयाचें. आम्हीं हें सांगितलें, तेव्हां विहीणबाईंनीं काकडी गोड कशी लागते असें तीन वेळां विचारलें. त्यांची खात्री पटली असें दिसलें नाहीं.

आतां पाव विजेच्या भट्टींत होतो. ४५० ग्रॅम पीठ, त्यांत चहाचा एक सपाट चमचा सोडा व तितकेंच मीठ. सोडा चाळून घ्यावयाचा, नाहीं तर पिवळे डाग पडतात व साबणासारखी चव लागते. मध्यें आळें करून ३५० ते ४०० मिलिलिटर ताक एकदम ओतावयाचें. मग बोटें फांकवून, पंजा ताठ धरून, परातींत गोल फिरवावयाची. संधिवातानें विहीणबाईंचीं बोटें मुळांतच तशीं झालीं आहेत. "या कामापुरता हा रोग माझ्या उपयोगी पडला," असें त्या हंसून म्हणाल्या. आम्हीं पोळीच्या कणकेप्रमाणें तो गोळा मळावयास घेतला, तेव्हां त्यांनीं आमच्या मनगटावर हळूच चापट मारली. मळलें कीं वायु निघून जातो आणि पाव दगड होतो. गोळा नुसता गोलसर करावयाचा, वर सुरीनें आडवा-उभा खोल छेद द्यावयाचा आणि विनाविलंब भट्टींत सारावयाचा: २३० अंशांवर १५ मिनिटें, पुढें २०० अंशांवर सुमारें ३० मिनिटें. छेद कशासाठीं, असें विचारतां, पाव पवित्र करण्यासाठीं, आंतल्या पऱ्या बाहेर जाव्या म्हणून, आणि मध्यभागीं ऊब पोंचावी म्हणून, अशीं तीन उत्तरें मिळालीं; तिसरें आम्हीं टिपून घेतलें. पाव उलटा करून बोटानें वाजविला असतां पोकळ नाद आला, म्हणजे झाला. त्यांत मनुका किंवा शहाजिरें घालण्याची अमेरिकेंतील रीत विहीणबाईंस मान्य नाहीं.

ऊन पावावर लोणी लावून तुकडा आमच्यापुढें आला. कन्या खिडकीपाशीं पाठमोरी उभी होती. आम्हीं तो खाल्ला आणि दुसरा मागितला. ती वळली नाहीं. परंतु किटलींत पाणी आधींच भरलेलें असतां तिनें तें पुन्हां भरलें.

"तुमच्या पत्नी याच मेजाशीं उभ्या होत्या," विहीणबाई म्हणाल्या. "त्या फार प्रश्न विचारीत. त्यांचा पाव तिकडे नीट होई ना?" आम्हीं होय म्हटलें. याहून अधिक सांगण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें.

घरीं परतल्यावर तो कागद आम्हीं शोधला. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'मध्यें तो घडी करून ठेवलेला सांपडला. विहीणबाईंच्या इंग्रजी ओळींभोंवतीं चारीहि बाजूंस पत्नीच्या बारीक अक्षरांतील टिपणें होतीं आणि तळाशीं तारखा. आम्हीं त्या मोजल्या, अकरा भरल्या. अकरा वेळां या घरांत तो पाव झाला व आम्हांस त्याचा वासहि लागला नाहीं. तीं टिपणें येथें देतों. कारण तीं तिचीं आहेत आणि उपयोगाचीं आहेत.

नुसत्या कणकेचा पाव जड होतो. निम्मा मैदा, निम्मी जाडसर दळलेली कणीक घ्यावी. आपली कणीक पाणी अधिक पिते, म्हणून ताक थोडें हातचें राखून लागेल तसें घालावें. ताक आदल्या दिवशींचें, आंबट हवें. लोणी काढलेलें घरचें ताक उत्तम. तें नसेल तर दह्यांत पाणी घालून घुसळावें. दहींहि नसेल तर पेलाभर दुधांत एक मोठा चमचा लिंबाचा रस पिळून दहा मिनिटें ठेवावें. दूध फाटल्यासारखें दिसलें तरी भिऊं नये. बेकिंग पावडरींत आम्ल आधींच असतें; ती वापरल्यास साधें दूध चालतें, मात्र सोड्याच्या तिप्पट-चौपट घ्यावी. भट्टी नसेल तर कुकरची शिट्टी व रबर काढून, तळाशीं मिठाचा जाड थर पसरून, दहा मिनिटें तापवावा. पाव निम्म्या मापाचा करावा, डबा कुकरच्या बाजूंस टेकूं नये, आंच मंद ठेवून पाऊण तास भाजावा. वरून रंग येत नाहीं. शेवटीं उलटून तव्यावर धरावा. कुकरांत पाणी घालूं नये, हें तिनें दोनदां अधोरेखित केलें आहे. तेव्हां एकदां घातलें गेलें असावें. सर्वांत शेवटीं, अकराव्या तारखेखालीं, एक ओळ होती: "यांना ओवा आवडतो, पुढच्या खेपेस घालून पाहणें."

गेल्या महिन्यांत भावजयीच्या देखरेखीखालीं आम्हीं पाव केला. ताकाऐवजीं इनो घालावा अशी पुतण्याची सूचना होती. इनोंत आम्ल असल्यामुळें तो ओल लागतांच फसफसून मोकळा होतो व ताक आंबट तें आंबटच राहतें, असें समजावून ती फेटाळली. वयोवृद्ध आत्याबाईंनीं वरचा क्रूस पाहून कपाळास आठी घातली. ऊब आंत पोंचण्यासाठीं तो छेद आहे, असें सांगितल्यावर, "मग बेरजेचें चिन्ह म्हण कीं," असें म्हणून त्यांनीं एक तुकडा घेतला. पावाचा तळ थोडा करपला. ओवा आम्हीं घातला होता. विहीणबाईंस तें कळविलेलें नाहीं.

पुतण्यानें छायाचित्र काढून कन्येस धाडलें. पाऊण तासानें तिचें उत्तर आलें: "बाबा, आई म्हणतात, छेद उथळ झाला आहे. पुढच्या वेळीं सुरी चांगली खोल जाऊं द्या."