पट आणि ट्रॅक

आमचे जऊळका वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात आहे. मालेगाव म्हटले की लोकांना नाशिककडचे मालेगाव आठवते, म्हणून 'मालेगाव जहांगीर' असे सांगावे लागते. एवढ्याने ओळख पटली नाही, तर गावाच्या नावापुढे 'रेल्वे' हा शब्द जोडावा लागतो. जऊळका रेल्वे हे अकोला-पूर्णा मार्गावरील एक लहानसे स्थानक. पूर्वी येथून मीटर गेजची गाडी धावत असे. गाडीतून उतरून, हातपाय धुऊन, चार पावले भरभर टाकली की पुन्हा त्याच गाडीत चढता येते, असा विनोद त्या काळी प्रचलित होता. पुढे रूळ रुंद झाले आणि विनोद मागे पडला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. आमच्या सोयाबीन-तुरीच्या शेतांमधून एक पांढरा, सरळसोट, कुंपणबंद रस्ता गेला. त्याची आखणी ताशी दीडशे किलोमीटर वेगासाठी झाली आहे. मोटारींना मुभा मात्र एकशेवीसची आहे. या दोन आकड्यांमध्ये जी तीसची फट आहे, तिच्यातून आमच्या भागातील तरुणांचे मन आत शिरले आणि ते अद्याप बाहेर आलेले नाही.

आम्ही म्हणजे चौघे मित्र. एकाचे हमरस्त्यावर गॅरेज आहे. दुसऱ्याचे कृषी केंद्र आहे; खते-बियाणे विकून उरलेला पैसा तो एका लाल, सेकंडहँड मोटारीवर खर्च करतो. तिसरा रुग्णवाहिका चालवतो. चौथ्याकडे लिहिण्याचे काम आले आहे, म्हणून त्याच्याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. चौघांनाही मोटारींची आवड शाळेपासूनची. त्या वयात मोटार हाती लागणे अशक्य होते, तेव्हा आमचा वेग बैलांचा होता.

वऱ्हाडात ज्याला शंकरपट म्हणतात, तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांना त्याची कल्पना देणे कठीण. पीक निघालेल्या मोकळ्या रानात सरळ पट्टी आखायची, हलकी छकडी, दोन बैल आणि वर एक धुरकरी. सारा खेळ काही सेकंदांचा. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटाची ख्याती दूरवर आहे आणि तेथील जोडीच्या वेळेची चर्चा पाराखाली होत असे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींना मनाई केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यासंबंधीचे कायदे वैध ठरवले. बैलांना त्यात काय सोसावे लागते, या प्रश्नाकडे डोळेझाक करता येत नाही. तो वाद येथे नको. आमच्या बालमनावर ठसली होती ती एक वेगळीच गोष्ट. पट सुरू होण्यापूर्वी चार म्हातारी माणसे काठ्या घेऊन त्या पट्टीवरून चालत जात. दगड वेचत, पोरांना दूर हाकलत, वाट चुकलेली शेळी बाहेर काढत. ती परत येऊन हात वर करीपर्यंत कितीही नावाजलेली जोडी असो, सुटत नसे. आणि पट आटोपला की तीच जोडी गावच्या वाटेवरून मान हलवत, संथ पावलांनी घरी जाई. गाववाटेवर कोणी बैल दामटले, तर त्याला शिव्या खाव्या लागत.

मोटारींच्या बाबतीत माणसाला हा विवेक उशिरा सुचला. प्रारंभीच्या शर्यती गावोगावच्या उघड्या रस्त्यांवरूनच होत. मे १९०३ मधील पॅरिस-माद्रिद शर्यतीत पहिल्याच दिवशी इतके अपघात झाले की ती बोर्दो येथे सरकारने थांबवली. मोटारी बनवणाऱ्या रेनो बंधूंपैकी मार्सेल त्याच शर्यतीत गेला. त्यानंतर चार वर्षांनी, १९०७ साली, इंग्लंडमध्ये एका जमीनदाराने आपल्या मालकीच्या जागेत ब्रुकलँड्स हा केवळ मोटारींसाठी बांधलेला ट्रॅक खुला केला. तेथील रस्त्यांवर त्या वेळी ताशी वीस मैलांची मर्यादा होती. आपल्या देशात मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक धावपट्टी होती. तिच्यावर अनेक वर्षे शर्यती झाल्या. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे जमीन घेऊन स्वतंत्र ट्रॅक उभारला. तो १९९० मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या शर्यती होतात, परंतु तेथे लहान कार्ट पळतात. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये अकरा किलोमीटरहून अधिक लांबीची चाचणी-धाव बांधली गेली; ती मुख्यत्वे वाहने बनवणाऱ्यांसाठी आहे. आपलीच मोटार घेऊन, आपल्यासारख्या हौशी माणसांत एक दिवस घालवायचा असेल, तर आम्हांला मद्रासचा रस्ता धरणे भाग होते.

पण मद्रास गाठण्याचे कारण हौस एवढेच नव्हते. कृषी केंद्रवाला मित्र रात्री दुकान बंद करून समृद्धीवर जात असे. एकदा काट्याने एकशेसत्तर दाखवल्याचे त्याने आम्हांला मोठ्या आनंदाने सांगितले. आम्ही तिघे ऐकत होतो. रुग्णवाहिकावाला काहीच बोलला नाही, उठून निघून गेला. सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली, ही बातमी सर्वांनी वाचली. परंतु ज्याला रात्रीबेरात्री फोन येतो आणि जो काचा झाडून माणूस बाहेर काढतो, त्याच्यासाठी ती बातमी नसते. चार दिवसांनी तो कृषी केंद्रात आला, खताच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "भाऊ, एक दिवस तुले उचलाची पाळी माह्यावर येईन. मी येनार नाई. दुसऱ्याले पाठवीन." मित्राची बायको आतल्या खोलीत होती, तिने ते ऐकले. त्यानंतर त्या घरात काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही; पण पुढच्याच आठवड्यात ट्रॅकवर जायचे ठरले, आणि रुग्णवाहिकावाल्यानेही यायचे ही अट तिनेच घातली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. हिंगोली, नांदेड, हैदराबादला मुक्काम, मग ओंगोल, नेल्लोर असा हजारावर किलोमीटरचा प्रवास. गॅरेजवाल्याने निघण्यापूर्वी आठवडाभर मोटारीत डोके घातले होते. टायर नवे, ब्रेकचे पॅड नवे आणि ब्रेकचे तेलही नवे. हे तेल हवेतील ओल शोषते, असे त्याने आम्हांला समजावले. ओल शोषलेले तेल ब्रेक तापल्यावर उकळते, त्यात बुडबुडे होतात, आणि मग पेडल दाबले तर पाय नुसताच खाली जातो. घाटात अनेकांचा घात याने झाला आहे. विम्याचे कागदही त्याने पाहिले. मोटारीचा नेहमीचा विमा शर्यतीला अथवा वेगाच्या चाचणीला लागू नसतो. तेथे जे मोडेल ते आपले. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत किंवा वेगचाचणी केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली कैद किंवा दंड आहे, हेही त्याने कृषी केंद्रवाल्याकडे न पाहता सांगितले.

इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाईचा मोठा कारखाना आहे. त्याच परिसरात हा ट्रॅक. लांबी तीन किलोमीटर सातशे सतरा मीटर, वळणे बारा. सकाळी सात वाजता आम्ही पोचलो तेव्हा दव पडले होते आणि एक मनुष्य झाडू घेऊन वळणावरची वाळू लोटत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पटावरची म्हातारी माणसे सर्वांनाच आठवली असावीत.

प्रथम मोटारींची तपासणी झाली. डिकीतील जॅक, पाण्याच्या बाटल्या, आरशाला लटकवलेले लिंबू-मिरची, सारे बाहेर. सुटी वस्तू जोरात ब्रेक लागताच दगडासारखी उडते. हेल्मेट डोक्याला बसते की नाही, हे हलवून पाहिले गेले. मग सर्वांना बसवून झेंडे शिकवले: पिवळा म्हणजे पुढे धोका, कोणाच्याही पुढे जायचे नाही, निळा म्हणजे मागून वेगवान मोटार येते आहे, वाट द्या, लाल म्हणजे सर्व थांबवा, काळा म्हणजे तुम्हीच बाहेर या. एका तासात आम्ही जेवढी शिस्त ऐकली, तेवढी वाहन-परवाना काढताना ऐकल्याचे स्मरत नाही.

पहिल्या फेरीत पुढे प्रशिक्षकाची मोटार आणि मागे नवशिक्यांची रांग. वळण घेण्याची रीत अशी की आधी बाहेरच्या कडेला राहावयाचे, मोटार सरळ असतानाच ब्रेक पूर्ण लावून सोडावयाचा, मग आतल्या कडेला चाक टेकवून पुन्हा बाहेरच्या कडेला यावयाचे. ऐकायला हे सोपे. कृषी केंद्रवाल्याला वाटत होते की आपण सरळ पट्टीवर सर्वांना मागे टाकू. सरळ पट्टी त्याने जोरात पार केली, आणि वळण अंगावर आले तेव्हा ब्रेक कोठे लावावा हे त्याला कळेना. समृद्धीवर त्याने ब्रेक कधी असा लावलाच नव्हता. तेथे पाय केवळ एका पेडलावर ठेवून बसायचे असते. त्याने घाबरून फार लवकर ब्रेक लावला, मोटार जवळजवळ उभी राहिली, आणि मागून आलेल्या एका सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या जुन्या मारुतीला निळा झेंडा पाहून वाट द्यावी लागली.

दुपारपर्यंत प्रशिक्षक त्याच्या शेजारी बसला. ताशी साठ किलोमीटरला मोटार थांबायला जेवढे अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर एकशेवीसला लागते, कारण वेग दुप्पट झाला की अंतर वर्गाने वाढते. शाळेतील हे गणित त्याच्या तळपायातून त्याला कळू लागले. एकशेवीसच्या वेगात मोटार दर सेकंदाला तेहतीस मीटर जाते. पाय पेडलावरून पेडलावर जाईपर्यंतच एवढे अंतर कापले जाते. ब्रेक लावण्याची जागा तो प्रत्येक फेरीला दोन पावले पुढे नेत होता. सहाव्या की सातव्या फेरीला पेडल मऊ लागले. तो लगेच संथ झाला, एक फेरी मोटार थंड करीत फिरला आणि बाहेर आला. ताप उतरेपर्यंत हातब्रेक लावायचा नसतो, म्हणून गॅरेजवाल्याने चाकाखाली वीट सरकवली. चाकांतून करपल्याचा वास येत होता. मित्र हेल्मेट काढून नुसताच बसला. त्याचा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

संध्याकाळी त्याची सर्वांत चांगली फेरी दोन मिनिटे अठ्ठावीस सेकंदांची झाली. आम्ही कागदावर हिशेब मांडला. सरासरी वेग निघाला ताशी नव्वद किलोमीटर. समृद्धीवर जेवढी मुभा आहे त्याहून तीसने कमी. सरळ पट्टीवर तो कधी दीडशेलाही पोचला नाही. त्याने तो आकडा दोनदा तपासला, आणि खिशात घडी करून ठेवला.

आम्हीही चार-चार फेऱ्या मारल्या. त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे ते रुग्णवाहिकावाल्याविषयी. तो मोटारीत बसलाच नाही. ट्रॅकच्या कडेला एक रुग्णवाहिका उभी होती, आत डॉक्टर होता. ही गाडी जागेवर नसेल तर एकही मोटार ट्रॅकवर सोडत नाहीत, असे त्याला कोणीतरी सांगितले आणि तो तेथेच रमला. तेथील चालकाला मराठी येत नव्हते, याला तमिळ येत नव्हते. दोघांची हिंदी यथातथाच. तरी दिवसभर दोघे एका बाकावर बसले. ऑक्सिजनचे नळकांडे, स्ट्रेचरची चाके, पट्ट्यांचा खण, सारे एकमेकांना दाखवून झाले. दुपारी त्याने आम्हांला डबा नेऊन मागितला, पण जागा सोडली नाही. शेवटचा चौकटीचा झेंडा पडला, मोटारी एकेक करून बाहेर आल्या, तेव्हा तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "सकाळपासून गाडी हलली नाई रे. चाकाखालचं गवतबी वलंच हाये." असे बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आम्ही काही विचारले नाही.

परतीला नांदेड-हिंगोली मार्गे आलो. मित्राने मोटार सारा वेळ ऐंशीच्या आसपास ठेवली. मागे बसलेले गॅरेजवाले घोरत होते. घरी पोचल्यावर त्याने बायकोला फेरीच्या वेळेचा तो कागद दाखवला. तिने आकड्याकडे न पाहता, "उद्या खताची गाडी येणार आहे," एवढेच सांगितले.

ब्रेकचे पॅड गॅरेजात काढले. नवे घातले होते ते आता जाड पुठ्ठ्याएवढे उरले होते. ते खिळ्याला टांगून ठेवले आहेत. गावातली पोरे जमली आणि पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला, "किती पयवली, दादा?" दीडशेच्या आत, असे ऐकल्यावर पोरांचे चेहरे पडले. एकजण तर म्हणाला, एवढी तर आम्ही इथंच पयवतो. रुग्णवाहिकावाला त्या वेळी हजर नव्हता. त्याला दुपारीच फोन आला होता.

पंधरा दिवसांनी त्यातलीच दोन पोरे गॅरेजात परत आली. मद्रासला जायला एकूण खर्च किती येतो, असे विचारू लागली. प्रवेशाची रक्कम, डिझेल, टायर, पॅड, तेल, हेल्मेट, मुक्काम, असा हिशेब गॅरेजवाल्याने तोंडी सांगितला. एकाने तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, बेरीज केली, आणि सोयाबीनचा भाव आज काय आहे ते विचारले.