कथाकाराची शिकवणी

कथालेखनाची पदवी घेतलेल्या माणसानें कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी चालवावी, हें आमच्या आप्तेष्टांना अद्यापि चमत्कारिक वाटतें. "शेवटीं शिकवण्याच करावयाच्या होत्या, तर ती विद्या हवी होती कशाला?" असें आमचे काका पुण्याहून विचारतात. घरांतील मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचाच हा प्रश्न आहे. तेव्हां त्यास नीट उत्तर देणें प्राप्त आहे.

आमचें वास्तव्य अमेरिकेंत. तेथें आधीं एक पदवी घ्यावी लागते व मग कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम लाभतो. त्याच्या प्रवेशासाठीं १९४८ सालापासून 'एलसॅट' नांवाची परीक्षा चालू आहे. गुण १२० ते १८० यांच्या दरम्यान मिळतात. मौज ही कीं, तींत कायद्याचा एकहि प्रश्न नसतो! पस्तीस-पस्तीस मिनिटांचे विभाग. त्यांत युक्तिवादांची पारख आणि उताऱ्यांचें आकलन. तर्काच्या कोड्यांचा विभाग पूर्वीं असे, तो ऑगस्ट २०२४ पासून गेला. म्हणजे आतां सारा भार वाचनावरच आला.

एकादा युक्तिवाद घ्या : 'गांवांत वाचनालय निघालें, त्यानंतर चोऱ्या घटल्या, अर्थात् वाचनालयामुळेंच त्या घटल्या.' हें वाचतांच आपलें मन गांवांतील उनाड पोरांना वाचनालयांत नेऊन बसवितें. मूळ वाक्यांत तीं पोरें कोठेंच नाहींत! कदाचित् त्याच महिन्यांत पोलिसांची गस्त वाढली असेल. अशी फट वाचकाच्या नकळत त्याच्याकडूनच बुजवून घेणें, हा तर कथाकाराचा धंदा. मग ती फट कोठें असते, हें त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?

दिवसभर कचेरींत काम करून एक मुलगी रात्रीं आमच्याकडे शिकावयास येई. मोठी कल्पक, म्हणूनच चुकीचें उत्तरहि तिला पटे. "असेंहि झालें असेल ना?" हें तिचें पालुपद. परीक्षेंतील गुणांवर पुष्कळदां शिष्यवृत्ति ठरते. ती हुकली तर डोक्यावर कर्जाचा डोंगर. आम्हीं तिला सांगितलें, "कल्पना सोडूं नकोस. मात्र प्रत्येक वाक्यापुढें लिही : हें लेखकाचें, हें माझ्या पदरचें." सहा महिने तिनें ही शिस्त पाळली. तिला प्रवेश मिळाला, आणि निम्मी फीहि माफ झाली.

ही शिस्त वकिलांनाच हवी असें नाहीं. सूनबाई जेवतांना बोलल्या नाहींत, एवढेंच घडलेलें असतें. त्या रागावल्या, हें आपल्या पदरचें असतें. भरल्या घरांतील निम्मीं भांडणें या पदरच्या वाक्यांवर उभीं राहतात. लिहिलेलें कोणतें आणि आपण घातलेलें कोणतें, हें ओळखावयास शिकविणारी विद्या वायां गेली असें आम्हांस तरी वाटत नाहीं.