टाकीच्या तळाशी

जुनं इंजिन घेताना सगळे त्याचा आवाज ऐकतात, टाकीत कुणी डोकावत नाही. दिवाळीच्या सुट्टीत लासूर स्टेशनला घरी गेलो, तर आप्पांनी घेतलेलं सेकंडहँड डिझेल इंजिन दहा मिनिटं चालून गप्प बसायचं. कांद्याची लागवड नुकतीच झालेली, आणि लाईटच्या भरवशावर आमच्याकडे कुणी राहत नाही. मिस्त्री म्हणाला, "नोझल बदला."

आधी टाकी उतरवली. तळातून पाणी निघालं, मागून काळा चिकट गाळ. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आत दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं. पत्रा गंजतो, आणि दोहोंच्या मधल्या थरात जीवाणू न् बुरशी पोसतात. मग फिल्टर तुंबणारच! फ्यूएल पंपाच्या प्लंजरची फट तर मोजक्या मायक्रॉनची. नव्या नोझलचंही तेच झालं असतं.

टाकीत वीस जुने नट आणि थोडं डिझेल टाकून आप्पा न् मी अर्धा तास टाकी घुसळली. (व्हायब्रेशनचं प्रॅक्टिकल म्हणा.) नट मोजून टाकले, मोजूनच काढले. शेवटी डिझेलनंच विसळली, पाण्यानं नाही. फिल्टर नवा टाकला, लाईनमधली हवा काढली, हँडल मारलं.

तासभर झाला तरी इंजिन चालूच. आप्पा काही न बोलता खोरं उचलून दारं धरायला गेले.